नाव विचारून काढलेली तसबीर

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संमेलनाच्या व्यासपीठावरून विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृहाचा निधी, विवाहातील खर्चाला आळा, अशा विषयांवर त्या त्या क्षेत्रातील जाणत्या व्यक्तींनी बोलावे, हा आपला प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. माझ्याजवळ तसा कोणताही अधिकार नाही. "तुमच्या छंदाविषयी चार शब्द सांगा," अशी कार्यवाहांनी आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. कारण माझा छंद आहे तो अनोळखी माणसांच्या तसबिरी काढण्याचा. आणि ज्ञातीचे संमेलन म्हणजे तर ओळखीच्या माणसांचा मेळावा! येथे परक्यांची कथा कोणी ऐकावी? परंतु विचार करता मला असे वाटू लागले की, ही कथा सांगण्यास याहून उचित स्थान नसेल. त्याचे कारण भाषणाच्या ओघात आपल्या ध्यानी येईलच.

आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे की, मी एकतीस वर्षे एका सार्वजनिक रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. या अवधीत हजारो अनोळखी माणसे माझ्यासमोर आली. त्यांच्या बरगड्या, मणके, मोडलेली मनगटे यांची चित्रे मी काढली. पण चेहरा मात्र एकाचाही काढला नाही. मात्र त्या विभागाची एक शिस्त माझ्या अंगात भिनली. फिल्मवर रुग्णाचे नाव, वय व तारीख उमटल्यावाचून ती खोलीबाहेर जाता कामा नये. उजव्या-डाव्या बाजूची शिशाची अक्षरे फिल्मवर असलीच पाहिजेत. बिननावाची फिल्म कितीही स्वच्छ उतरली असली तरी ती निरुपयोगी, किंबहुना धोक्याची. हे सांगण्याचे कारण असे की, निवृत्तीनंतर मी जेव्हा चेहऱ्यांकडे वळलो तेव्हा हीच शिस्त माझ्यासोबत आली, आणि माझ्या छंदाला जे काही वळण लागले ते तिच्यामुळेच लागले.

प्रथम कॅमेऱ्याविषयी सांगतो. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि त्याने एका मिनिटात वीस चित्रे निघतात. माझा कॅमेरा त्या जातीचा नव्हे. एका बंद पडलेल्या स्टुडिओतून मिळालेली ती सागवानी पेटी आहे. पुढे पितळी नळीत बसवलेले भिंग, मागे दुधी काच, आणि दोहोंच्या मध्ये लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा भाता. तिवई धरून सर्व सामान एका माणसाने जेमतेम उचलावे इतके. आपल्या आजोबा-पणजोबांच्या ज्या फुलप्लेट तसबिरी आपल्या भिंतींवर आहेत, त्या अशाच कॅमेऱ्यांनी काढलेल्या आहेत. माझ्या कॅमेऱ्यात आठ इंच रुंद व दहा इंच लांब अशी फिल्मची एकेक शीट बसते. नेहमीच्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवरील एका चित्राच्या सुमारे साठपट एवढे हे क्षेत्रफळ. त्यामुळे चित्र मोठे करावे लागत नाही. निगेटिव्ह सरळ कागदावर ठेवून, वरून काच दाबून प्रकाश दिला की तेवढ्याच आकाराची प्रत मिळते. त्या प्रतीत दाढीचा खुंट न् खुंट आणि सदऱ्याच्या काजाचा धागा न् धागा मोजता येतो.

या कॅमेऱ्याच्या कामाची रीत मी मुद्दाम सविस्तर सांगणार आहे. कारण मला जे सांगावयाचे आहे ते त्या रीतीतच आहे. प्रथम डोक्यावर काळे फडके घेऊन दुधी काचेवर पाहावे लागते. तेथे समोरचा मनुष्य खाली डोके वर पाय असा आणि डाव्याचा उजवा झालेला दिसतो. भाता मागेपुढे करून त्याचे डोळे स्पष्ट करावयाचे. चेहरा जवळून घेताना भिंगाचे तोंड बारीक केले तरी जेमतेम तीन-चार इंचांच्या पट्टीतलेच काय ते रेखीव दिसते. मनुष्य किंचित पुढे झुकला की डोळे धूसर आणि कान स्पष्ट! म्हणून त्याला म्हणावे लागते, "आता हलू नका." मग झाकण लावावयाचे, काचेच्या पुढे फिल्मचा होल्डर सरकवावयाचा आणि होल्डरची पाटी उपसावयाची. आणि येथे एक विलक्षण गोष्ट घडते. फिल्म आत गेल्याबरोबर दुधी काच झाकली जाते. छायाचित्रकाराला कॅमेऱ्यातून काहीच दिसेनासे होते. त्याला फडक्याबाहेर यावे लागते, कॅमेऱ्याच्या शेजारी उभे राहावे लागते आणि समोरच्या माणसाकडे आपल्या उघड्या डोळ्यांनी पाहावे लागते. माझ्या जुन्या भिंगाला यांत्रिक झडप नाही. मी झाकण हाताने काढतो, सावलीत अर्धा ते एक सेकंद थांबतो आणि पुन्हा लावतो. त्या एका सेकंदात आम्ही दोघे, पूर्वी कधी न भेटलेले, पुढे कदाचित कधी न भेटणारे, एकमेकांसमोर श्वास रोखून उभे असतो.

यावरून आपल्या ध्यानी येईल की, या कॅमेऱ्याने कोणाचेही चित्र चोरून काढता येत नाही. रस्त्यात तिवई उभी केली की चार पोरे गोळा होतात, पाचवा गृहस्थ "कसलं मोजमाप चाललंय?" म्हणून विचारतो. ज्याचे चित्र काढावयाचे त्याला विचारावे लागते, समजावून सांगावे लागते, थांबवून घ्यावे लागते. दहा-पंधरा मिनिटे त्याने आपल्याला द्यावी लागतात, आणि तो "नको" म्हणाला तर सामान आवरावे लागते. अनेकांना हे या पद्धतीचे वैगुण्य वाटते. मला तोच तिचा मोठा गुण वाटतो.

आता काही अनुभव सांगतो. कॅमेरा मजकडे आला तेव्हा त्याची एक पितळी पट्टी मोडलेली होती. ती दुरुस्त करून घेण्यासाठी पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत गेलो. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके उमटवण्याचे, ज्याला मठारकाम म्हणतात, ते काम तेथे पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. एका वयस्क कारागिराने पट्टी घडवून दिली आणि पैसे घेण्याचे नाकारले. "चालतो का ते दाखवा म्हणजे झालं," एवढेच म्हणाले. तेव्हा त्यांचेच चित्र मी काढले. माझ्या छंदातील ती पहिली तसबीर. त्यांनी सांगितले, "हातोडी दिसू द्या. मी नुसताच बसलो तर मला आमच्यातलं कोणी ओळखायचं नाही."

याच्या अगदी उलट अनुभव मंडईत आला. महात्मा फुले मंडईत पहाटे ओझी वाहणाऱ्या एका हमालास मी विचारले. तो हसून म्हणाला, "फोटो पुष्कळ लोक काढून नेतात, काका. नाव काय म्हणून तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत. पण आज नको. उद्या येतो." दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, भांग पाडून आला. माझ्या मनात त्याला पाठीवरच्या पोत्यासह घ्यावयाचे होते. तसे मी सुचविले. तो म्हणाला, "ओझं रोजचंच आहे. फोटोत तरी नको." बंधुभगिनींनो, या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तांबटाला आपली हातोडी हवी होती, हमालाला आपले ओझे नको होते. दोघेही श्रमजीवी, पण आपण जगाला कसे दिसावे याविषयी दोघांचे मत निरनिराळे, आणि ते मत ठरविण्याचा अधिकार त्यांचा, माझा नव्हे. तो पांढऱ्या सदऱ्यातील हमाल माझ्या संग्रहातील उत्तम चित्रांपैकी एक आहे. ज्याला त्याचा धंदा ठाऊक नाही असा कोणी ते पाहून म्हणतो, "हे कोणत्या शाळेचे मुख्याध्यापक?"

अनोळखी माणसेच का, आपली माणसे का नकोत, असा प्रश्न मला घरातून प्रथम आला. त्याचे उत्तर असे की, आपल्या माणसाकडे आपण पाहत नाही. आपण त्याला आठवतो. आईचा चेहरा समोर आला की तिच्या हातचे जेवण, तिचे रागावणे, तिचे आजारपण हे सगळे आधी डोळ्यांपुढे येते, आणि कपाळावरची नवी सुरकुती दिसतच नाही. अनोळखी माणसाच्या बाबतीत हा आधार नसतो. तेथे केवळ पाहावेच लागते. आणि ही सवय एकदा लागली की घरच्या माणसांकडेही मनुष्य नव्याने पाहू लागतो, हा माझा अनुभव आहे.

परंतु अनोळखी माणसाकडे कॅमेऱ्याने पाहण्याचा इतिहास आपल्या देशात निर्मळ नाही, हेही सांगितले पाहिजे. १८३९ साली युरोपात छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय सभासदही तिच्यात होते. तिच्या सभासदांपैकी विल्यम जॉन्सन या गृहस्थाने मुंबईत राहणाऱ्या व मुंबईस येणाऱ्या निरनिराळ्या जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ साली प्रसिद्ध केले. माणसांच्या प्रतिमा दुसऱ्याच देखाव्यांवर जोडून ती चित्रे सिद्ध केली होती. पुढे सरकारी आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचा प्रचंड ग्रंथ निघाला: १८६८ ते १८७५ या काळात आठ खंड आणि साडेचारशेहून अधिक छायाचित्रे. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना प्रजेची ओळख करून घ्यावीशी वाटली, ती ही अशी. हे खंड चाळताना एक गोष्ट मनाला बोचते. समोर जिताजागता मनुष्य बसला आहे, त्याच्या डोळ्यांत कुतूहल आहे, भीती आहे, क्वचित उपहासही आहे. पण चित्राखाली बहुतेक ठिकाणी त्याचे नाव नाही. आहे ती त्याची जात किंवा जमात, आणि सोबत त्या जातीच्या स्वभावाविषयी साहेबाने लिहिलेला शेरा! मनुष्याला विचारलेच नाही की, "बाबा रे, तुझे नाव काय?" तो नमुना म्हणून बसला आणि नमुना म्हणूनच ग्रंथात राहिला.

यात त्या काळच्या रसायनाचाही एक भाग आहे. तेव्हाच्या काचेवरील लेपाला केवळ निळा-जांभळा प्रकाश दिसे. तांबडा व पिवळा दिसत नसे. म्हणून जुन्या चित्रांत कपाळावरचे कुंकू काळे ठिक्कर उमटते, हळदीचा पिवळा रंग काळवंडतो, आणि आपल्या लोकांचा गव्हाळ किंवा सावळा वर्ण प्रत्यक्षाहून कितीतरी गडद दिसतो. आपल्या घरांतील फार जुन्या तसबिरी पाहून "पणजी इतक्या काळ्या होत्या का?" असे मुले विचारतात. त्यांना सांगावे की, नाही बाळांनो; काचेला तांबडे दिसत नव्हते.

मी स्वतः खर्चाच्या दृष्टीने पुष्कळदा क्ष-किरणांची फिल्म वापरतो. आठ बाय दहा इंच हे तिचे एक नेहमीचे माप आहे आणि वैद्यकीय मालाच्या दुकानात ती स्वस्त मिळते. तिलाही तांबडा प्रकाश दिसत नाही. म्हणून ती लाल दिव्याखाली धुता येते, ही सोय. पण सावळ्या चेहऱ्यावर ती अन्याय करते, ही अडचण. त्यावर उपाय म्हणजे प्रकाश थोडा अधिक द्यावयाचा, औषध पातळ करावयाचे आणि धुण्याची क्रिया लवकर थांबवावयाची. तिच्या दोन्ही अंगांना लेप असल्यामुळे तबकात ती जपून हाताळावी लागते. नखही लागता कामा नये. ज्या चेहऱ्याला हे सर्व करूनही न्याय मिळणार नाही असे वाटते, त्याच्यासाठी सर्व रंग जाणणारी फिल्म काढतो. ती मात्र पूर्ण अंधारातच हाताळावी लागते, आणि तिच्या एका शीटच्या किमतीत एका माणसाचे पोटभर जेवण होईल. इंग्लंड, अमेरिका व चेक देश येथील कारखाने ती आजही तयार करतात. आपल्याकडे उटकमंड येथे १९६० साली स्थापन झालेला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना आता बंद आहे.

परदेशातील दोन थोर छायाचित्रकारांचा उल्लेख करणे अवश्य आहे. कारण 'नाव की वर्ग' हा जो प्रश्न मी मांडत आहे, तो त्यांच्याही कामात आहे. पहिले आउगुस्ट झांडर. यांचा जन्म १८७६ चा, मृत्यू १९६४ चा. जर्मनीतील कोलोन येथे त्यांचा स्टुडिओ होता. जवळच्या वेस्टरवाल्ड भागातील शेतकऱ्यांपासून आरंभ करून विसाव्या शतकातील सर्व थरांच्या माणसांचे एक महाचित्र सिद्ध करावे, असा ध्यास त्यांनी घेतला. जड कॅमेरा, काचेच्या प्लेटा, प्रत्येकाला त्याच्या नित्याच्या वेषात आणि त्याच्या नित्याच्या जागी उभे करण्याची पद्धत. १९२९ साली त्यांतील साठ चित्रांचे 'काळाचा चेहरा' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले. त्यांच्याही बहुतेक चित्रांखाली नाव नाही, व्यवसाय आहे: हलवाई, विटा वाहणारा, वकील. तरीही ती चित्रे पाहताना 'नमुना' असे वाटत नाही. कारण हलवायालाही त्यांनी वकिलाइतकाच मान, तेवढाच प्रकाश आणि तेवढाच अवधी दिला आहे. हिटलरच्या राजवटीला ही समता रुचली नाही. १९३६ साली त्या पुस्तकाच्या प्रती जप्त झाल्या व छपाईचे ठसे नष्ट करण्यात आले. त्यांचा मुलगा एरिक राजकीय कारणासाठी १९३४ पासून तुरुंगात होता. तेथेच १९४४ साली त्याचा अंत झाला. पुढे १९४६ साली तळघरात लागलेल्या आगीत झांडर यांच्या हजारो निगेटिव्ह जळाल्या.

त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. १९३८ च्या सुमारास कोलोनमधील अनेक यहुदी स्त्रीपुरुष ओळखपत्राच्या फोटोसाठी त्यांच्याकडे आले. त्या राजवटीला हे फोटो हवे होते ते माणसे वेगळी काढण्यासाठी. झांडर यांनी ती चित्रे काढली. पण पुढे आपल्या महाचित्रात त्यांना शेतकरी, कारागीर, विद्वान यांच्या पंक्तीत, छळ झालेल्यांच्या भागात सन्मानाने बसविले. चेहरा तोच. एकाने तो खूण करण्यासाठी मागितला. दुसऱ्याने तो माणूस म्हणून जपला. कॅमेरा यंत्र आहे, त्याला दोन्ही कामे येतात. कोणते करावयाचे हे यंत्रामागचा मनुष्य ठरवितो.

दुसरे रिचर्ड अ‍ॅव्हेडन. न्यूयॉर्कमधील नामांकित नटनट्यांची व फॅशनची चित्रे काढून कीर्ती मिळविलेला हा गृहस्थ, टेक्सास राज्यातील एका संग्रहालयाच्या सांगण्यावरून १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात हिंडला. खाणकामगार, ट्रकचालक, खाटीक, भटके अशा साडेसातशे अनोळखी माणसांना त्याने पांढऱ्या कागदाच्या पडद्यासमोर उभे केले. आठ बाय दहा इंचांच्या सुमारे सतरा हजार शीट खर्ची पडल्या. चित्र घेताना तो कॅमेऱ्याच्या मागे नव्हे, शेजारी उभा राही. पश्चिमेकडच्या लोकांना त्याने फारच उदास दाखविले, अशी टीका तेव्हा झाली, आणि तिच्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण त्याच्या चित्रांखालच्या ओळी पाहा: माणसाचे नाव, त्याचा धंदा, गाव आणि तारीख. माझ्या रुग्णालयातील फिल्मवर जे असावयाचे, जवळजवळ तेच! 'द पीपल ऑफ इंडिया' निघाल्यानंतर शंभर वर्षांनी एका खाणकामगाराला नाव मिळाले. मला ही प्रगती लहान वाटत नाही.

माझी स्वतःची पद्धत मी यावरूनच बसविली आहे. ज्याचे चित्र काढतो त्याच्यापुढे एक वही ठेवतो. तिच्यात त्याने आपल्या हाताने नाव, काम, गाव लिहावयाचे. लिहिता येत नसेल तर तो सांगेल तसे, त्याच्याच उच्चाराप्रमाणे मी लिहितो. आडनाव सांगावे की नाही ही त्याची मर्जी. जात मी विचारीत नाही. वहीत काहींनी नुसते 'सखूबाई' लिहिले आहे, काहींनी नावापुढे चार पिढ्या लिहिल्या आहेत. दुसरा नियम असा की, निघालेल्या तसबिरीची पहिली प्रत त्या माणसाची. ती हातात पडल्याशिवाय माझी प्रत मी कोणाला दाखवीत नाही. मंडईतील भाजीवाल्या मावशींनी आपली प्रत हातात घेतली, बराच वेळ पाहिली, आणि त्या म्हणाल्या, "ही माझ्या आईसारखी दिसती की!" आईचा फोटो त्यांच्यापाशी नव्हता, कधी काढलाच गेला नव्हता. त्यांनी ती तसबीर आपली म्हणून नव्हे, आईची म्हणून घरी लावली आहे.

सगळ्याच प्रती पोहोचतात असे नाही. एस. टी. स्थानकावर भेटलेले प्रवासी, ऊसतोडीला निघालेली कुटुंबे, बांधकामावरून बांधकामावर जाणारे मजूर यांना कायमचा पत्ता नसतो. असला तरी तेथे ते सापडत नाहीत. पोस्टाने पाठविलेली काही पाकिटे परत आली. माझ्या कपाटात आज अशी नऊ पाकिटे आहेत. प्रत्येकावर नाव आहे, आत चेहरा आहे, पण घेणारा नाही. कोणी गावाकडचा भेटला की त्यातले एखादे नाव मी विचारून पाहतो. दोन पाकिटे अशी मार्गी लागली. उरलेली नऊ हे मी ऋण समजतो.

तरुण मंडळींपैकी कोणास या छंदाची गोडी वाटल्यास मी आनंदाने शिकवीन. लाकूडकाम जमत असेल तर पेटी घरी बनविता येते. भाता काळ्या कापडाचा व कागदाचा शिवता येतो. जुने भिंग बाजारात मिळते. वीस अंश उष्णतेचे औषध, तीन तबके आणि रात्री काळोखी करता येईल अशी मोरी, एवढ्यावर काम चालते. उन्हाळ्यात औषधाच्या तबकाखाली बर्फाचे पाणी ठेवावे लागते. पण हे काही न करता, हातातल्या मोबाईलनेही याचे सार साधता येईल. आधी विचारावे, नाव लिहून घ्यावे, आणि चित्र त्या माणसापर्यंत पोहोचवावे. जड कॅमेरा हे तीन उपचार सक्तीने करवितो. हलक्या कॅमेऱ्याने ते आपण होऊन करावे लागतात, एवढाच भेद.

आता ज्या कारणासाठी हे भाषण येथेच करावेसे वाटले, त्याकडे वळतो. आपली ज्ञाती म्हणजे एकमेकांना नावाने ओळखणाऱ्यांचा समूह. "तुम्ही कोणाचे?" असा प्रश्न केला की दोन मिनिटांत नाते लागते. ही आपली शक्ती आहे, आणि तिच्या बळावर कित्येक मुले शिकली. परंतु या शक्तीची एक मर्यादाही आहे. ज्याचे नाते लागत नाही त्याचे नाव विचारण्याची आपल्याला सवय राहत नाही. साहेबाने आपल्या लोकांना जातीच्या चिठ्ठीखाली बसविले म्हणून आपल्याला राग येतो, तो यावा. पण आपणही 'तो मंडईतला', 'ती भांडीवाली', 'तो अमक्या जातीचा' असे म्हणून थांबतो, तेव्हा त्याच ग्रंथाचे एखादे पान लिहीत असतो.

याचा पुरावा दूर शोधावयास नको. आपल्या घरांतील जुने कौटुंबिक फोटो काढून पाहा. मध्यभागी खुर्च्यांवर बसलेल्या वडील मंडळींची नावे आपण घडाघडा सांगतो. मागे उभ्या असलेल्यांची नावे आजी सांगते. पण अगदी कडेला, अर्धी चौकटीबाहेर गेलेली एखादी स्त्री उभी असते, कडेवर आपल्याच घरचे मूल घेऊन. पायरीवर एखादा गडी बसलेला असतो. दारातून कोणी डोकावत असते. ती बाळंतपणे करणारी सुईण असेल, स्वयंपाकाच्या बाई असतील, विहिरीचे पाणी भरणारा असेल. ज्या मुलाला तिने कडेवर घेतले आहे तो आपला आजोबा. आणि तिचे नाव कोणालाच सांगता येत नाही. ती आपल्याच भिंतीवर साठ-सत्तर वर्षे राहिली आणि अनोळखीच राहिली.

म्हणून माझी मंडळास एक नम्र सूचना आहे. पुढील वर्षाच्या संमेलनाला प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील एक जुना समूहफोटो आणावा. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस शेजारी बसवावे आणि फोटोतील प्रत्येकाचे नाव विचारावे. केवळ ज्ञातीतील नव्हे, प्रत्येकाचे. मिळतील ती नावे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावीत. शाईचे पेन किंवा बॉलपेन वापरू नये. शाई कागदातून पुढे उतरते आणि बॉलपेनचा दाब चेहऱ्यावर उठतो. ज्याचे नाव मिळणार नाही त्याच्या जागी 'नाव शोधणे आहे' असे लिहावे. कोरी जागा विसरली जाते. ही ओळ पुढच्या पिढीला काम देऊन जाते. असे फोटो व नावे मिळून आपल्या स्मरणिकेचा एक खास अंक निघावा, अशी माझी इच्छा आहे, आणि त्यासाठी लागणारी छायाचित्रणाची सर्व मेहनत मी विनामोबदला करीन.

घाई एवढ्याचसाठी की, नावे सांगणारी माणसे आपल्यातून दरवर्षी जात आहेत. फिल्म आणि फोटो नीट जपले तर पुष्कळ वर्षे टिकतात. पण नाव केवळ कोणाच्या तरी जिभेवर असते, आणि ते तेथून कागदावर उतरविण्यासाठी आपल्यापाशी फार थोडी वर्षे आहेत.